काळी ट्यूब: मानेच्या ‘बेर्त मोरिझो’ची प्रत करताना

२ जून

आज आयव्हरी ब्लॅकची ट्यूब आणली. दुकानदाराने दोनदा विचारलं, “मॅडम, काळाच ना?” इतकी वर्षं माझी यादी त्याला पाठ आहे, त्यात काळा कधी नसतो.

आमच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी दम मिळाला होता की पॅलेटवर काळा काढायचा नाही. हवाच असेल तर अल्ट्रामरीनच्या निळ्यात बर्न्ट अंबरचा तपकिरी मिसळा. काळ्याने चित्र मरतं. मीही शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना तेच सांगत आले. आता पन्नाशीत वाटायला लागलंय, की मरतं ते काळ्याने की आपल्याला तो लावता येत नाही म्हणून? तपासायचा सरळ मार्ग एकच, ज्याला लावता येत होता त्याची नक्कल करायची.

चित्र ठरलं: एदुआर माने, ‘बेर्त मोरिझो, व्हायोलेटच्या फुलांसह’, १८७२. कॅनव्हासवर तैलरंग, ५५.५ बाय ४०.५ सेंटिमीटर. सध्या पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात. काळी टोपी, काळे कपडे, गळ्यापाशी काळ्या फिती, छातीशी व्हायोलेटचा इवलासा गुच्छ आणि चेहऱ्याभोवती सुटलेल्या तपकिरी बटा. मागे फिकट, जवळजवळ रिकामी पार्श्वभूमी. बस्स, एवढंच. एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराचं केलेलं व्यक्तिचित्र. पण माहीत नसलेल्या माणसाला ती चित्रकार आहे हे त्यातून कळायची सोय नाही. हे आज ट्यूब पिशवीत टाकताना लक्षात आलं.

शेजारच्या काकूंनी ट्यूब बघून चौकशी केली. म्हटलं, माने म्हणून एक चित्रकार होते, त्यांच्या चित्राची प्रत करतेय. “म्हसवडचे का?” नाही काकू, पॅरिसचे. त्यांच्याच गोतावळ्यात एक मोनेही होते हे मुद्दाम सांगितलं नाही. आणि या मानेंची मोरिझोशी ओळख करून देणारे गृहस्थ फांतँ-लातूर होते हे तर नाहीच.

५ जून

कॅनव्हासची चौकट करून घ्यायला सुताराकडे गेले. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात बसून नकला करणाऱ्यांना एक नियम आहे: प्रत मूळ चित्राच्या आकाराची करायची नाही, निदान पाचव्या हिश्शाने लहान किंवा मोठी हवी, म्हणजे उद्या कोणी ती खरी म्हणून खपवू नये. माझी प्रत कोल्हापूरच्या खोलीतून कुठे खपणार आहे म्हणा! पण नियम आवडला. मोठी करायचं ठरवलं, ६६.६ बाय ४८.६.

सुतार म्हणाला, “ताई, सव्वीस बाय एकोणीस इंच करतो, वरचं सोडा.” घरी येऊन गणित केलं. लांबी-रुंदीचं प्रमाण मूळ चित्राशी जवळजवळ तंतोतंत जुळतंय. सोडलं.

लूव्हरच्या नियमाची आठवण उगाच झाली नाही. १८६८ साली मोरिझो त्याच लूव्हरमध्ये रुबेन्सची नक्कल करत असताना तिची आणि मानेची ओळख झाली. ती २७ वर्षांची, तो ३६ चा. तिथल्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, बायकांना प्रवेश मिळाला तो १८९७ मध्ये. तेव्हा तिला मरून दोन वर्षं झाली होती. त्यामुळे शिकायचं ते खासगी शिकवणीत आणि संग्रहालयाच्या भिंतींसमोर उभं राहून. नक्कल म्हणजे आपल्याकडे कमीपणा मानतात. तिच्यासाठी ती शाळा होती.

९ जून

प्रिंट आली. मोठी, चकचकीत आणि लालसर. चेहरा ताप आल्यासारखा. प्रिंटवाला म्हणतो, फाइलच तशी. टॅबवर तीच फाइल थंड, निळसर दिसते. आणि खरं चित्र? ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे मी नेमकं कोणाशी प्रामाणिक राहायचं हा प्रश्नच आहे.

तोडगा असा: रेषा आणि आकार प्रिंटवरून, फिका-गडदपणा प्रिंटच्या कृष्णधवल झेरॉक्सवरून, रंगाचा गारवा टॅबवरून. तिन्हींचं भांडण झालं तर झेरॉक्सचं ऐकायचं. या चित्रात रंग असा फारसा नाहीच. जे आहे ते उजेड आणि अंधार.

१५ जून

कॅनव्हास ताणला, अस्तराचे दोन हात झाले. शेवटच्या हातात किंचित करडेपणा. त्या काळातली नेमस्त मंडळी गडद तपकिरी अस्तरावर अंधारातून हळूहळू उजेडाकडे येत. मानेने फिकं अस्तर धरलं आणि मधल्या छटांना बऱ्याच ठिकाणी रजा दिली. म्हणून त्याचं काम तेव्हा लोकांना पत्त्यातल्या राजा-राणीसारखं चपटं वाटे.

पण या चित्रात त्याने स्वतःची सवय मोडलीये. एरवी तो समोरून सपाट उजेड टाकतो. इथे उजेड बाजूने आहे: अर्धा चेहरा लख्ख, अर्धा सावलीत. रेखाटन करताना हे बोटांना कळलं. नाकाच्या कडेला कोळशाने सीमारेषा ओढायला गेले, तर तिथे सीमा आहे पण रेष नाही. उजेड संपतो तीच रेष.

प्रमाण वाढवायला सगळी मापं १.१९ ने गुणली. तासाभराने कंटाळून डोळ्याने केलं. टोपी मोठी झाली. पुसली. पुन्हा गुणलं.

१८ जून

पाऊस. लाइट नाही. काही झालं नाही.

२२ जून

आज नुसते काळे केले. जुन्या कॅनव्हासच्या तुकड्यावर बारा चौकोन. ट्यूबमधला नुसता काळा. काळ्यात बर्न्ट अंबर. काळ्यात अल्ट्रामरीन. काळ्यात अलिझरीनचा लाल. काळा पातळ करून, काळा जाड लावून, काळा लावून फडक्याने पुसून. आयव्हरी ब्लॅक म्हणतात, पण हस्तिदंताचा संबंध नावापुरता. आता तो हाडांचा कोळसाच असतो. तेल खूप पितो आणि वाळायला जीव खातो.

गंमत अशी की नुसता काळा पांढऱ्यात घातला तर निळा करडा येतो, आणि पिवळ्या ऑकरमध्ये घातला तर चक्क शेवाळी हिरवा. म्हणजे काळा हा निळ्याचा चुलतभाऊ आहे. पंचवीस वर्षं मी याला घराबाहेर ठेवलं होतं.

चौकोन टेबलावर वाळत टाकले तेव्हा भाची आली. “आत्या, सगळे सारखेच आहेत.” मग तिला मावशीची चंद्रकळा दाखवली. ट्रंकेत आहे अजून, संक्रांतीला आई नेसायची. निरीवर उजेड पडतो तिथे काळा निळा होतो, चुणीत खोल जातो तिथे तपकिरी, आणि जिथे विरलीये तिथे करडा. साडी एकच. भाची निरी उलटसुलट करत बसली. मी चौकोनांच्या खाली आकडे लिहिले. टोपीला ३ नंबर, फितींना ७, अंगावरच्या कपड्याला ५ आणि १ चं मिश्रण.

२३ जून

पहिली बैठक. टोपी, फिती, कपडे एका दमात टाकले, चपट्या हॉगहेअर ब्रशने, १० नंबर. प्रत मोठी केल्याचा तोटा आज कळला. मानेचा फटकारा जेवढा रुंद तेवढाच मी मारला तर माझ्या कॅनव्हासवर तो बारीक, काटकसरीचा दिसतो. आकार वाढवला तर ब्रशही एक नंबर वर न्यायला हवा, आणि मनगटाऐवजी कोपरातून हात फिरवायला हवा. फिती मारताना हे जमलं. एका ठिकाणी फीत खरंच फीत झाली: सुरुवातीला रंग भरगच्च, शेवटाला ब्रशचे केस उघडे पडलेले.

खालच्या थरात मुद्दाम अंबर जास्त घातलाय. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. निव्वळ काळा खाली ठेवला आणि वर लवकर वाळणारा रंग आला तर पुढे तडे जातात.

३० जून

चेहरा. सकाळी दहा ते दुपारी तीन. तीन वाजता सगळा खरवडला.

७ जुलै

पुन्हा चेहरा, पुन्हा खरवडला. वैताग आला तेव्हा एवा गोंझालेसची आठवण काढली. ती मानेची शिष्या. १८६९ च्या उन्हाळ्यात तो तिचं मोठं पूर्णाकृती चित्र करत होता. मोरिझोने बहिणीला, एदमाला, पत्रात लिहिलं की ती पोरगी रोज पोझ द्यायला येते आणि रोज संध्याकाळी तिचं डोकं काळ्या साबणाने धुऊन काढलं जातं. त्या पत्रात जळफळाटही भरपूर आहे. माने उठता-बसता गोंझालेसचा दाखला देई, तिची चिकाटी बघ म्हणून, आणि ते हिला लागे.

म्हणजे जे चित्र एका बैठकीत झाल्यासारखं वाटतं ते अनेकदा दहावीस वेळा पुसून अकराव्या किंवा एकविसाव्या वेळी एका बैठकीत झालेलं असतं. हे कोणी कॉलेजात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आम्हाला वाटायचं, मोठी माणसं पुसत नाहीत.

गोंझालेसचं ते चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. त्यात तिच्या हातात ब्रश आहे, समोर इझल आहे. अंगात मात्र पांढराशुभ्र लांब झगा, ज्यात तैलरंगाच्या जवळ जायची कोणाची छाती होणार नाही. मी तर जुन्या गाऊनवर फाटका शर्ट चढवते. बघताना वाटतं, ब्रश हा त्या झग्यावरचा दागिना आहे.

आणि मोरिझोची त्याने पाच-सहा वर्षांत डझनभर तैलचित्रं केली. बाल्कनीत बसलेली, कोचावर रेललेली, पंखा धरलेली, टोपी घातलेली. एकातही ब्रश नाही.

११ जुलै

डोळे. आजचा दिवस फक्त डोळ्यांचा.

मोरिझोचे डोळे प्रत्यक्षात हिरवट होते. मानेने काळे केले. पॉल व्हालेरी या कवीने १९३२ साली मानेच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने या चित्रावर लिहिलं, त्यात हे नोंदवलंय. त्याची बायको मोरिझोची सख्खी भाची होती, म्हणजे घरातली माहिती. मानेच्या साऱ्या कामात या चित्रापेक्षा वर काही नाही असं त्याचं मत होतं.

मी म्हटलं, बघू तरी. टेबलावरच्या तुकड्यावर डोळ्यांची जोडी दोनदा केली. एक हिरवट: काळा, ऑकर आणि कणभर पांढरा. छान जमली, खरी माणसासारखी. शेजारी दुसरी काळी. मग दोन्ही तुकडे आळीपाळीने कॅनव्हासवरच्या टोपीखाली धरले आणि खोलीच्या दारापाशी जाऊन बघितलं. भाचीला तुकडा धरायला उभं केलं होतं.

हिरवे डोळे लावले की टोपी वेगळी, चेहरा वेगळा, कपडे वेगळे. डोळे सुंदर दिसतात पण टोपी नुसती डोक्यावर ठेवल्यासारखी होते. काळे लावले की टोपीचा काळा डोळ्यांतून खाली उतरतो आणि फितींना जाऊन मिळतो. चेहरा त्या काळ्याच्या मधोमध उजेडाच्या तुकड्यासारखा राहतो. भाची म्हणाली, “हिरवी बाई चांगली आहे, पण काळी बाई आपल्याकडे बघतेय.” तिचा हात दुखायला लागला म्हणून तिला सोडलं.

काळे केले. बुबुळात अजिबात तपशील नाही, दोन ठिपके. एका डोळ्यात उजेडाचा टिंब, सावलीतल्या डोळ्यात जेमतेम. दोन टिंबांना सव्वा तास लागला.

१४ जुलै

सर आले होते. वय ७८, हातात भडंगाची पिशवी. पोर्ट्रेट मी त्यांच्याकडे शिकले. बराच वेळ काही बोलले नाहीत, ही चांगली खूण. मग म्हणाले, “काळा बरा लावलायस. आम्ही तुला लावू दिला नाही, ते चुकलंच म्हणायचं.” मला भरून आलं. चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर सरांच्या हातात माझा ८ नंबरचा ब्रश. “हनुवटी तरंगत होती गं. एवढीच बसवली.” खरंच बसली होती. एक सावलीचा फटकारा, जबड्याखाली. मी कप ठेवला. तोवर त्यांनी गालाची कड घेतली. मग कान. मग, “ही बट जरा नरम करू या.” भडंग खाऊन होईपर्यंत चेहऱ्याचा खालचा निम्मा भाग सरांचा झाला होता. सुरेख झाला होता. जाताना दारात म्हणाले, “आता पूर्ण झालंच समज.”

मी “हो सर” म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१५ जुलै

रात्री झोप लागली नाही. मोरिझोच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं, १८७० च्या मार्चमध्ये. तिने आई आणि एदमा यांचं मोठं चित्र केलं होतं, सॅलॉनला, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनाला, पाठवायचं होतं. थकलेली होती, धास्तावलेली होती. माने बघायला आला. म्हणाला, उत्तम, फक्त झग्याचा खालचा भाग जरासा. ब्रश घेऊन दोन-चार ठिकाणी त्याने जोर दिला. आई खूश. पण मग गडी थांबेना. झग्यावरून वर, वरून डोक्याकडे, डोक्यावरून पार्श्वभूमीकडे. चेष्टा-मस्करी करतोय, पॅलेट हिच्या हातात देतोय, परत घेतोय. संध्याकाळी पाचपर्यंत चित्र त्याचं झालं होतं. चित्रं न्यायला गाडीवाला दारात उभा, कोणाला विचारायला वेळ नाही, चित्र गेलं. आईला सगळा प्रकार गमतीचा वाटला. हिला जीव नकोसा झाला. सॅलॉनने ते नाकारावं एवढीच आशा आहे असं तिने बहिणीला लिहिलं. सॅलॉनने स्वीकारलं. आज ते वॉशिंग्टनला आहे, आणि आईचा काळा झगा बाकीच्या चित्रापेक्षा अंमळ जास्तच मानेचा दिसतो.

पुढे दोन वर्षांनी तिने त्याच माणसासमोर बसून हे व्हायोलेटचं चित्र करू दिलं. राग गेला होता का? मला वाटतं गेला नव्हता, पण कामावरचा विश्वास रागापेक्षा मोठा होता. त्याच्याकडे जायचं म्हणजे आईला बरोबर घेऊन जावं लागे. एकटीने पुरुषाच्या स्टुडिओत जायची रीत नव्हती. या चित्रात ती बाहेर जायच्या कपड्यांत आहे, टोपी काढलेली नाही. मला ती बसलेली वाटतच नाही. निघता निघता थांबल्यासारखी वाटते.

तर सकाळी साडेसहाला नाइफ घेतला आणि सरांची हनुवटी, गाल, कान, बट, सगळं खरवडलं. टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं. माझी हनुवटी परत केली. सरांच्यापेक्षा वाईट झाली.

२१ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीजवळ. शाळेला सुट्टी. आमची गल्ली उंचावर आहे, पण हवा अशी दमट की टॉवेलसुद्धा वाळत नाहीत, तिथे हाडांच्या कोळशाची काय कथा. टोपीवर बोट लावलं तर ठसा उठतो. २३ जूनचा रंग, महिना झाला!

कॅनव्हास सैल पडलाय. मागच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकल्या. तरी मधोमध पोट आलंय. थांबायचं. पाऊस उघडला की तो आपोआप ताणला जाईल, आता जास्त ठोकलं तर तेव्हा कोपरे फाटतील.

२८ जुलै

गुच्छ. व्हायोलेट मी कधी हातात घेतलेलं नाही. आमच्याकडे त्या जातीचं जांभळं फूल शोधायला गेलं तर गोकर्ण निळी निघते, कोऱ्हांटी फिकी निघते. मग फूल विसरले आणि रंग बघितला. झेरॉक्समध्ये गुच्छ जवळजवळ दिसतच नाही! कपड्याच्या काळ्याशी त्याचा गडदपणा इतका मिळता आहे. चित्राच्या नावात असलेली वस्तू चित्रात शोधावी लागते. अल्ट्रामरीनमध्ये अलिझरीन, त्यात काळा, आणि अगदी थोड्या पाकळ्यांवर पांढऱ्याचा स्पर्श. पाकळ्या काढल्या नाहीत, फक्त ब्रशचं टोक टेकवलं. जिथे जिथे पाकळी ‘काढली’ तिथे तिथे प्लास्टिकचं फूल झालं, ती पुसली.

याच फुलांचं मानेने एक वेगळं छोटं चित्रही केलं, वहीच्या पानाएवढं, २२ बाय २७ सेंटिमीटर: गुच्छ, मिटलेला पंखा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर मोरिझोचं नाव आणि त्याची सही वाचता येते. ते तिला भेट दिलं. यावरून लोकांनी प्रेमकथा रचल्या आहेत. असेल, नसेल. तो विवाहित होता, आणि १८७४ च्या डिसेंबरात तिने त्याच्या भावाशी, यूजेनशी, लग्न केलं. लग्नानंतर मानेने तिचं चित्र केलं नाही. मला त्या चिठ्ठीपेक्षा व्यवहार जास्त रंजक वाटतो: एका चित्रकाराने दुसऱ्याला पोझ दिल्याबद्दल चित्रातच मेहनताना दिला.

४ ऑगस्ट

ऊन. कॅनव्हास ढोलासारखा ताणला गेलाय. पाचरी आणखी ठोकल्या नाहीत ते बरं केलं.

सर आले. आल्या आल्या दिसलं त्यांना. “पुसलंस.”

“हो सर.”

“बरं केलंस.” भडंगाची पिशवी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली. “हनुवटी अजून तरंगतेय पण.”

ब्रश सगळे आत धुवायला ठेवले होते. मुद्दाम.

११ ऑगस्ट

काळा बुडालाय. ओला असताना चंद्रकळेसारखा होता, वाळल्यावर तव्याच्या बुडासारखा करडा, ठिकठिकाणी चमक गेलेली. टोपी आणि खांदा एकमेकांत हरवलेत. घाबरायचं कारण नाही, रंगातलं तेल खाली अस्तराने ओढून घेतलं की असं होतं. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं, धोतराच्या मऊ फडक्याने अगदी पातळ चोळलं आणि दहा मिनिटांनी सगळं टिपून घेतलं. फडकं फिरेल तसतसे ३, ७ आणि ५ नंबरचे काळे एकेक करून परत आले. टोपीची कड खांद्यापासून सुटली. असं काम असताना चहा सुद्धा गार होऊ द्यावा.

वाळत असताना मोरिझोबद्दल वाचत बसले आणि जे शोधत होते ते अचानक सापडलं. ब्रश हातात घेतलेली बेर्त आहे! मानेने केलेली नव्हे. एदमाने केलेली, १८६५ च्या आसपास. दोघी बहिणी एकत्र शिकत होत्या, एकत्र लूव्हरला जात होत्या. गडद पार्श्वभूमी, त्यातून पुढे आलेला चेहरा, हातात ब्रश, नजर कामावर. आपण बघतोय याची तिला फिकीर नाही. १८६९ मध्ये एदमाचं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिचं चित्र काढणं जवळपास थांबलं. मानेच्या तक्रारी, गोंझालेसवरची जळजळ, झग्याचा प्रकार, सगळी पत्रं हिलाच लिहिलेली. मी महिनाभर ती पत्रं वाचतेय आणि पत्र घेणारी कोण हे विचारलंच नव्हतं.

तांत्रिकदृष्ट्या एदमाचं चित्र मानेच्या पासंगालाही पुरत नाही, हे लिहिलंच पाहिजे. पण ब्रश कसा धरलाय ते बरोबर आहे.

१८ ऑगस्ट

काम थांबवलं. हनुवटी तरंगते ती तरंगते. डोळे, एक फीत आणि गुच्छ यांवर मी उभी राहीन. पार्श्वभूमी बेताची. गालाच्या सावलीत दोन छटा जास्त आहेत. मानेने जिथे थेट उडी मारली तिथे मी जिना बांधलाय. जुनी सवय.

पुढच्या बाजूला सही नाही. मागे लाकडी चौकटीच्या पट्टीवर पेन्सिलने: ‘प्रत. मूळ एदुआर माने, १८७२.’ आणि माझं नाव, तारीख. मोरिझोचंही नाव लिहिलं आणि त्यापुढे ‘चित्रकार’ असं लिहिलं. १८९५ च्या मार्चमध्ये ती ५४ व्या वर्षी गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या जागी ‘काही नाही’ असं नोंदलं गेलं. सॅलॉन सोडून स्वतंत्र प्रदर्शनं भरवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं १८७४ चं पहिलं प्रदर्शन, ज्यात माने स्वतः गेला नाही आणि ही गेली, ते धरून त्यांच्या आठपैकी सात प्रदर्शनांत तिची चित्रं होती. चुकलं ते फक्त १८७९ चं, मुलगी लहान होती म्हणून.

मूळ चित्र बराच काळ तिच्याकडे नव्हतं. थेओदोर दुरे या समीक्षकाच्या संग्रहात होतं. १८९४ साली त्याचा संग्रह लिलावात निघाला तेव्हा तिने ते विकत घेतलं. स्वतःचाच चेहरा, पैसे मोजून. जेमतेम वर्षभर ते तिच्या घरात होतं. मग मुलीकडे, ज्यूलीकडे, मग तिच्या कुटुंबात, आणि १९९८ मध्ये ऑर्सेत.

शेजारच्या काकू बघून गेल्या. “कोण हो ही? घरात कोणी गेलंय का हिच्या?” म्हटलं, नाही, तेव्हा फॅशन होती. “डोळे बाकी भारी काढलेत मान्यांनी.” माझं नाव घेतलं नाही याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

२० ऑगस्ट

सुताराकडे. एदमाचं चित्र १०० बाय ७१ सेंटिमीटर आहे, या वेळी पाचव्या हिश्शाने लहान करायचं. चिठ्ठीवर साडेएकतीस बाय साडेबावीस इंच लिहून दिलं. त्याने चिठ्ठी लांब धरून वाचली.

“ताई, वरचा अर्धा सोडू?”

“नाही. या वेळी नको.”